देवाजीचा ळ

देवाजी टेंभुर्णे पेंटर जन्मभर 'कारा' म्हणाला,
'डोरा' म्हणाला, 'केरं' म्हणाला.
आमच्या झाडीत ळ जिभेवर बसतच नाही.
पण भिंतीवरचा त्याचा ळ बघायला
मोहाडीचे मास्तर सायकल मारत यायचे.
दोन गोल पोटं, मधे चिमटीएवढी कंबर,
आणि शेवटी, डोंगा काठाला लागताना
ढिवर वल्हं उचलतो ना,
तेवढाच एक उचल.

हे कुठून आलं?
पवनीचे स्तूप बघायला एक भन्ते आला होता, तैवानचा.
ताप भरला म्हणून विहारात अकरा दिवस पडून होता.
भाषा म्हणजे 'पानी' आणि 'बस'.
देवाजी दाराची पाटी रंगवत होता.
भन्ते खाटेवरून बघत राहिला, मग उठला,
गडवाभर पाणी घेतलं, झोळीतून कुंचला काढला
आणि फरशीवर लिहायला बसला,
पाण्याने.

वैशाख होता.
शेवटची रेघ ओढेस्तोवर पहिली वाळून जायची.
एकच अक्षर, आठ फटकारे, दिवसभर तेच.
त्याचा अर्थ देवाजीने कधी विचारला नाही.
मला फार उशिरा कळला:
कायम.

जाताना भन्तेने वही दिली.
काळ्या पानांवर पांढरी अक्षरं, दगडावरून उठवलेली.
अर्ध्या वहीत एका उस्तादाचा हात:
रुंद खांद्यांचा, जाड,
धानाचं पोतं पाठीवर घेऊनही ताठ चालणारा हमाल.
उरलेल्या अर्ध्यात दुसऱ्याचा:
नुसती हाडं, उन्हाळ्यातला साग.
दोघांना मरून हजाराच्या वर वर्षं झालेली,
भन्तेने बोटांवर मोजून दाखवलं.
देवाजी म्हणे, "हा जाडा माहा बाप. थो वारका माहा मामा."

तीन उन्हाळे अंगणात पाणी सांडलं त्याने.
जैतुरा चिडायची, विहीर तळाला गेलेली.
चिनी एक अक्षर आलं नाही,
पण चौथ्या वर्षी सोसायटीच्या भिंतीवर
'तांदूळ' लिहिला
आणि माणसं थांबली.

मला पहिलं वर्षभर फक्त शिरोरेघ दिली.
"लागताना दाब. मंग जीव सोड. शेवटी थांब.
थांबला नाई तं रेघ पऱ्हून जाते लेका."

मग तो ळ फिरला.
राईस मिलवर, टाकीवर, शाळाशाळांवर.
अड्याळच्या बाजारात भांड्यांवर नावं कोरणारा
'कमळा' तसंच कोरायला लागला.
साकोलीचा एक पेंटर शपथेवर सांगायचा, ळ माझा आहे.
कंबर ढिली होती त्याची.

फ्लेक्स मीच आणलं गावात, दुसऱ्या कुणी नाही.
चाळीस फॉन्ट आहेत दुकानात,
एकातही रेघ थांबत नाही.
देवाजी एकदा येऊन गेला.
ताज्या छापावर बोट फिरवलं,
"सपाट हाये," म्हणाला,
चहा पूर्ण प्यायला.
तो गेला तेव्हा श्रद्धांजलीचा फ्लेक्स छापला मीच,
चार बाय सहा, फोटोसकट.
त्याच्या नावात ळ नव्हता,
तेवढं वाचलो.

परवा लाखांदूरला, बँकेत,
एका पोरीने पेन मागितला.
विड्रॉलची स्लिप, घाईचा हात,
पत्त्याच्या जागी 'पिंपळगाव'.
ळला कंबर होती.
वल्हं उचललेलं होतं.
कोणी शिकवलं, विचारलं.
"कोनी नाई. शाळेच्या भितीवर होतं तसं."
गाव कोणतं म्हणालीस?
"पिंपरगाव," ती म्हणाली,
आणि टोपण लावून
पेन परत दिला.